मठातलं मौनव्रत: ऐकीव आणि खरं

कॅथलिक मठात गेलेला माणूस आयुष्यभर बोलत नाही, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. तसं काही नाही. जर्मनीतल्या बव्हेरियात केल्हाइमजवळ, डॅन्यूब नदीच्या वळणावरच्या व्हेल्टनबुर्ग मठाचंच घ्या. तिथले मठवासी बेनेडिक्टाइन पंथाचे. शपथा तीन: त्याच मठात स्थिर राहणं, जीवन पालटणं आणि आज्ञापालन. मौनाची शपथ यात नाहीच.

मग ही समजूत आली कुठून? सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत मितभाषी राहायला सांगितलंय आणि रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर बोलायचं नाही असा दंडक आहे. जेवतानाही एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. काही हवं असेल तर खूण करायची. बाहेरच्याने हे पाहिलं की मौनव्रतच वाटणार! प्रत्यक्षात दिवसातून अनेकदा एकत्र स्तोत्रं गायची असतात. मुक्यानं कशी गाणार?

जगापासून तुटलेले म्हणावं, तर तेही जमत नाही. व्हेल्टनबुर्ग सातव्या शतकातला मानला जातो, बिअरची परंपरा 1050 पासूनची सांगतात. 1803 मध्ये सरकारने मठ बंद केला. 1842 मध्ये राजा लुडविग पहिला याने पुन्हा सुरू करवला. आज केल्हाइमहून बोटी येतात, अंगणात बिअरचे पेले खणखणतात. शेजारच्या, आसाम बंधू या जर्मन कलाकारांनी घडवलेल्या चर्चमध्ये मात्र आवाज आपोआप खाली येतो: वेदीवर घोड्यावरचा संत जॉर्ज, आणि त्याच्या मागून, न दिसणाऱ्या खिडकीतून येणारा उजेड.

पुराचं पाणीही इथे अधूनमधून घुसतं, तेव्हा तर सगळ्यांनाच ओरडावं लागत असेल.