घड्याळातला ईसीजी आणि दवाखान्यातला ईसीजी: नाव एकच, काम वेगळं

मी ईसीजी काढते, तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या हॉस्पिटलात, बरीच वर्षं झाली आता. आणि अलीकडे एक वाक्य सारखं कानावर येतं, "ताई, ईसीजी घरीच काढलाय, घड्याळात, नॉर्मल आलाय." हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, का ते सांगते.

एक साठीच्या आतले गृहस्थ होते. पहाटे चारला छातीत दाब आल्यासारखं झालं, घाम फुटला, मुलाने घेऊन दिलेलं घड्याळ हातात होतंच, त्याच्यावर बोट ठेवून ईसीजी काढला तर त्यात आलं सायनस ऱ्हिदम, म्हणजे ठोके नियमित, त्यांना वाटलं सगळं ठीक. मग काय, गॅस असेल म्हणून ओवा चावला, गरम पाणी प्यायले आणि आडवे झाले. आमच्याकडे आले सकाळी दहाला. मी ईसीजीची पट्टी काढली आणि मशीनमधून कागद बाहेर येतानाच कळलं की अटॅक आहे, हृदयाच्या खालच्या बाजूचा. डॉक्टरांनी धावपळ करून पुढे शहरात पाठवलं, वाचले ते, पण ते मधले सहा तास गेले ते गेलेच, तेवढ्यात हृदयाचा काही भाग कायमचा कमजोर झाला.

आता मुद्दा असा की घड्याळ खोटं बोललं नव्हतं, ठोके खरंच नियमित पडत होते. घड्याळाला विचारलेला प्रश्न वेगळा होता आणि काकांना हवं असलेलं उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं होतं.

नीट बघू. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या बारीकशा लहरीने सुरू होतो, ती लहर अंगभर पसरते आणि कातडीवर दोन ठिकाणी धातू टेकवला तर मधला फरक मोजता येतो. त्या फरकाची रेघ म्हणजे एक लीड. नेदरलँड्समधल्या लायडनच्या आइनथोव्हेन नावाच्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नीट मोजायचं यंत्र बनवलं, तेव्हा पेशंटचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसवायचे (मला ते चित्र फार आवडतं, आम्ही ईसीजी काढताना कातडीला लावतो ती जेली म्हणजे त्या मिठाच्या पाण्याचीच नात), आणि त्यातून तीन लीड मिळायच्या. १९२४ चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. त्यांची पहिली लीड म्हणजे उजवा हात ते डावा हात.

घड्याळात नेमकी हीच एक लीड असते. घड्याळ डाव्या मनगटावर, त्याची मागची बाजू कातडीला टेकलेली, आणि उजव्या हाताचं बोट बाजूच्या बटणावर किंवा कडेच्या धातूवर, झालं सर्किट पूर्ण. ३० सेकंद तसंच बसायचं. २०१८ मध्ये ॲपलच्या सिरीज ४ घड्याळात ही सोय आली, नंतर सॅमसंग वगैरे बाकीच्यांनीही आणली, आणि दोन्ही हातांची बोटं ठेवायची छोटी पट्टी तर कार्डिया नावाने त्याच्याही आधीपासून मिळते.

आमच्याकडे काय होतं? आधी मी हातातलं घड्याळ, कडं, खिशातला मोबाईल बाजूला ठेवायला सांगते. मग हातापायाला चार क्लिप, उजव्या हाताला लाल, डाव्याला पिवळी, डाव्या पायाला हिरवी, उजव्याला काळी, आणि छातीवर फासळ्या मोजून सहा ठिकाणी रबरी बल्ब किंवा चिकटपट्ट्या, छातीच्या मधल्या हाडापासून डाव्या काखेपर्यंत. तारा दहा पण लीड मिळतात बारा, कारण हातापायाच्या तारांवरून मशीन वेगवेगळ्या जोड्या लावून सहा लीड काढतं आणि छातीच्या सहा वेगळ्या. म्हणजे एकाच हृदयाकडे बारा बाजूंनी बघायचं, समोरून, डावीकडून, खालून.

आणि अटॅकमध्ये हे बारा बाजूंनी बघणंच कामाचं असतं. गुठळीने एखादी रक्तवाहिनी बंद पडली की तिच्यावर जगणारा तेवढाच स्नायू उपाशी पडतो आणि त्या भागासमोरच्या लीडमध्ये रेघेचा एक तुकडा, ज्याला एसटी म्हणतात, तो वर उचलला जातो. खालचा भाग असेल तर दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये, समोरचा असेल तर छातीवरच्या लीडमध्ये. तुम्ही शेताच्या एकाच बांधावर उभे असाल तर पलीकडच्या कोपऱ्यात लागलेला जाळ उभ्या उसामागे दिसणार कसा? दोन हातांमधली ती एक लीड म्हणजे तो एक बांध. त्यातून घड्याळातलं सॉफ्टवेअर एसटी तपासतच नाही, ते फक्त ठोक्यांचा ताल बघतं. ॲपलच्या ॲपमध्ये तर स्पष्ट लिहिलेलं असतं की हे घड्याळ हार्ट अटॅकची लक्षणं शोधत नाही, पण सेटिंग करताना ती ओळ वाचतं कोण, सगळे पुढे-पुढे करत जातात.

मग घड्याळ बिनकामाचं का? अजिबात नाही! एका गोष्टीत ते माझ्या मशीनच्या पुढे आहे, हे मी मनापासून सांगते. एट्रियल फिब्रिलेशन नावाचा प्रकार असतो, डॉक्टर लोक एएफ म्हणतात, त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, ठोके कसेही वेडेवाकडे पडतात, आणि साठलेल्या रक्तात गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर पक्षाघात. पक्षाघाताचा धोका जवळजवळ पाचपट होतो. आणि हा येतो-जातो. रात्री दोनला वीस मिनिटं धडधड, सकाळी माझ्यासमोर झोपवेपर्यंत सगळं शांत, आणि माझी पट्टी तर साधारण १० सेकंदांचीच, ती काय पकडणार. २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठेवायचं ईसीजीचं छोटं यंत्र, लावला तरी त्याच दिवशी त्रास होईल याची खात्री नाही. घड्याळ मात्र रात्री दोनला हातावर असतं, धडधड सुरू झाली की लगेच ३० सेकंदांची पट्टी काढा आणि पीडीएफ जपून ठेवा, डॉक्टरांना ती सोन्यासारखी.

इथे अजून एक घोळ होतो. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा लाईट म्हणजे ईसीजी नाही. तो मनगटातल्या रक्ताची ये-जा प्रकाशाने मोजतो, म्हणजे नाडीच म्हणा, आणि ठोके अनियमित वाटले तर नोटिफिकेशन देतो. ॲपलच्या मोठ्या अभ्यासात, जो २०१९ मध्ये छापून आला, ४ लाख १९ हजारांवर लोक होते, त्यातल्या जेमतेम अर्ध्या टक्क्याला असं नोटिफिकेशन आलं, आणि त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजी नोंदवणारा चिकट पॅच लावून तो परत पाठवला त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांमध्ये एएफ सापडला. बाकीच्यांना नव्हताच असंही म्हणता येत नाही, कारण पॅच नोटिफिकेशननंतर काही दिवसांनी लागला आणि हा आजार येतो-जातो. म्हणून नोटिफिकेशन आलं की घाबरून रक्त पातळ करायची गोळी मनाने सुरू करायची नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

आणि स्वस्तातल्या घड्याळांबद्दल. स्क्रीनवर ईसीजीसारखी रेघ पळते म्हणून तो ईसीजी होत नाही. दुसऱ्या हाताचं बोट टेकवायला धातूची जागाच नसेल तर दोन हातांमधली वीज मोजणार कुठून, ती रेघ हिरव्या लाईटवरून काढलेली किंवा नुसतं चित्र. घेताना एवढं बघाच.

छातीत दाब, जबडा किंवा डावा हात भरून येणं, थंड घाम, दम, मळमळ, यातलं काही असेल तर घड्याळावर बोट ठेवून ३० सेकंदसुद्धा घालवू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या ईसीजी असलेल्या दवाखान्यात चला, स्वतः गाडी चालवत नको. बायका आणि शुगरवाल्यांमध्ये कधी कधी छाती दुखतच नाही, नुसता थकवा, दम, पोटात कसंतरी, म्हणून आईने "ॲसिडिटीच आहे गं" म्हटलं तरी ऐकू नका. आणि आमचा पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर तासाभरात परत काढायला सांगतात, ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) रक्त तपासणी करतात, कारण अटॅकच्या सुरुवातीला बारा लीडमध्येही काही न दिसणं घडतं. तेव्हा "एकदा काढलाय ना, परत कशाला" म्हणून उठून जाऊ नका.

घड्याळाची पट्टी दाखवायची असेल तर नुसता 'सायनस' असं लिहिलेला स्क्रीनशॉट नको, पूर्ण पीडीएफ आणा, आणि त्या वेळी काय होत होतं, जिना चढत होतात की झोपेतून उठलात, किती वेळ धडधडलं, हे लिहून ठेवा. ते काका आता तसंच करतात. दर तपासणीला पीडीएफ आधीच मोबाईलवर काढून ठेवलेल्या असतात, आणि मी न सांगताच घड्याळ काढून टेबलावर ठेवतात.