चांकिलोचे तेरा मनोरे

चांकिलो हे पेरूच्या किनाऱ्याजवळ, कास्मा नदीच्या खोऱ्यातल्या वाळवंटात आहे, लिमाच्या उत्तरेला. बांधकाम साधारण इ.स.पू. 250 च्या आसपासचं, म्हणजे इंकांच्या हजारेक वर्षं तरी आधीचं. एका बुटक्या टेकडीच्या धारेवर उत्तर-दक्षिण असे 13 दगडी मनोरे एका ओळीत उभे केलेत, लांबी सुमारे 300 मीटर, उंची 2 ते 6 मीटर, आणि मध्ये जवळपास सारख्याच फटी, त्यामुळे लांबून बघितलं की क्षितिजाला करवतीसारखे दाते फुटल्यासारखे वाटतात.

हे मनोरे म्हणजे सूर्यावरून तारीख सांगणारं कॅलेंडर. आता ते चालायचं कसं, तर ओळीच्या पश्चिमेला एक ठरलेली जागा आहे, तिथे उभं राहून सूर्योदय बघायचा. जूनमध्ये (तिथे तेव्हा हिवाळा) सूर्य डावीकडे, पहिला मनोरा आणि शेजारचा मुचो मालो डोंगर यांच्या मधून उगवतो, मग रोज थोडा थोडा उजवीकडे सरकत डिसेंबरात तेराव्याच्या पलीकडे पोचतो आणि परत फिरतो. आपण ज्याला दक्षिणायन-उत्तरायण म्हणतो तेच, फक्त इथे त्याला खुणा बांधून दिल्यात! पूर्वेकडूनही अशीच एक जागा आहे, तिथून सूर्यास्त दिसतो. मार्च-सप्टेंबरच्या सुमारास सूर्य रोज जवळपास स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो म्हणून तारीख एक-दोन दिवसांच्या फरकाने कळते, पण दोन्ही टोकांना तो इतका रेंगाळतो की नेमका दिवस पकडणं अवघडच.

बाकी बऱ्याच ठिकाणी फक्त एखादा खास दिवस साधलेला असतो, इथे अख्खं वर्ष मोजता येतं, आणि माझ्या मते चांकिलोचं खरं वेगळेपण हेच.

पश्चिमेची ती जागा म्हणजे एका इमारतीच्या बाहेरून जाणाऱ्या सुमारे 40 मीटर लांबीच्या बोळाचं टोक. बोळातून इमारतीच्या आत जायला दारच नाही, चालत जायचं आणि मनोऱ्यांसमोर बाहेर पडायचं, बस. त्या तोंडाशी मातीची भांडी, शिंपले असं अर्पण केलेलं सापडलंय. इतक्या अरुंद वाटेने गर्दी जाणार नाही हे उघड आहे, त्यामुळे सूर्य बघायचा मान मोजक्याच लोकांकडे असावा आणि बाकीच्यांना सण कधी ते तेच सांगत असावेत.

शेजारच्या टेकडीवर तटबंदीची मोठी वास्तू आहे, लोकांचं लक्ष बरीच वर्षं तिच्याकडेच होतं. मनोऱ्यांचा उलगडा इवान गेझ्झी आणि क्लाइव्ह रगल्स या संशोधकांनी 2007 साली मांडला, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं 2021 मध्ये. पृथ्वीच्या आसाचा कल मनोरे बांधल्यापासून जेमतेम 0.3 अंशाने बदललाय, त्यामुळे हे कॅलेंडर आजही जवळपास बरोबर चालतं.