पोटावरचा ठोसा: मारण्याची ताकद आणि सोसण्याची तयारी

आमच्या पुण्यातील प्रशिक्षण केंद्रात बॉक्सिंग शिकणारी मुले आणि त्यांचे पालक एक प्रश्न वारंवार विचारतात: ज्याचा पोटावरचा ठोसा जबरदस्त आहे, त्याला स्वतःला तसा ठोसा सहन होतो का? आमच्या मते अशा बॉक्सरची थोडीफार तयारी होते, पण मारण्याच्या ताकदीतून सोसण्याची ताकद आपोआप येत नाही. म्हणूनच या दोन्ही गोष्टी आम्ही वेगवेगळ्या शिकवतो.

हूकचा, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाचा, जोर पायांतून आणि कमरेच्या पिळातून येतो. त्यासाठी पोटाच्या बाजूचे जे तिरके स्नायू कमवावे लागतात, तेच पुढे मार झेलतात. शिवाय जवळून लढण्याची सवय असलेल्याला समोरच्याचा खांदा वळताच ठोशाचा रोख कळतो आणि तो वेळेवर श्वास सोडून पोट आवळू शकतो. ही वेळ साधणे फार मोलाचे आहे, कारण माणसाला खाली बसवतो तो बहुधा न दिसलेला ठोसाच.

यकृत मात्र व्यायामाने कमावता येत नाही. ते उजवीकडे, बरेचसे बरगड्यांच्या आड असते आणि पोटाचे पुढचे स्नायू तिथे फारसे कामाला येत नाहीत. डावा हूक तिथे नेमका बसला, की क्षणभर काहीच जाणवत नाही. मग श्वास अडकतो, पाय वाकतात आणि डोके पूर्ण शुद्धीवर असूनही उठता येत नाही. तालमीत घडलेल्या मुलांची पोटे खरोखर दणकट असतात, पण कुस्तीत ठोसे नसल्यामुळे त्यांनाही हा मार नवाच असतो.

इंग्लंडचे दिवंगत बॉक्सर रिकी हॅटन यांचे उदाहरण आम्ही नेहमी देतो. जून 2007 मध्ये लास व्हेगास येथे त्यांनी होसे लुइस कास्तिलो यांना चौथ्या फेरीत यकृतावरच्या डाव्या हूकने संपवले. कास्तिलो स्वतःही पोटावर मारण्यात वाकबगार होते. पुढे साडेतीन वर्षांच्या खंडानंतर, नोव्हेंबर 2012 मध्ये, मँचेस्टरच्या रिंगणात व्याचेस्लाव सेंचेंको यांच्या तशाच डाव्या हूकने नवव्या फेरीत हॅटन खाली बसले, ते दहा आकडे मोजून होईपर्यंत उठू शकले नाहीत.

या कारणामुळे आमच्या सरावात सर्वाधिक वेळ उजव्या कोपरावर जातो. उजव्या हाताने पोटावर मारताना कोपर बरगड्यांपासून सुटते आणि नेमके तेव्हाच यकृत उघडे पडते. मुलाचा हात परत यायला उशीर झाला, की प्रशिक्षक हातातील मिट (ठोसे झेलण्याची गादी) त्या जागी हलकेच टेकवतात. मेडिसिन बॉलचा (जड चेंडूचा) सरावही आम्ही घेतो, पण तो श्वास आणि पोट आवळणे यांची वेळ जुळावी म्हणून. पोट कडक व्हावे म्हणून नवशिक्यांना ठोसे खायला लावणे आम्हाला मुळीच मान्य नाही.

जेवणानंतर किमान दोन तास स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) करू नये. मार लागल्यावर पोटातील दुखणे थांबले नाही, खांद्याच्या टोकाशी कळ आली, चक्कर आली किंवा लघवीतून रक्त गेले, तर प्रशिक्षकांना सांगून त्वरित रुग्णालयात जावे. घरी जाऊन वाट पाहू नये.