फितीने वजन: सूत्रातले 300 आले कुठून?

छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 300. मापे इंचांत घेतली की उत्तर पौंडांत. गाईगुरांचे वजन काट्याशिवाय काढण्याचे हे सूत्र शेफर यांच्या नावाने ओळखले जाते. मापे सेंटिमीटरमध्ये असतील तर 10,840 ने भागायचे, उत्तर किलोत येते.

सूत्राच्या मुळाशी आहे आडवे नळकांडे. धड तसे मानून आणि अंगाची घनता पाण्याइतकी धरून हिशेब केला, तर भाजक 12,566 यायला हवा. 10,840 हा त्याहून लहान, म्हणून उत्तर सुमारे 16 टक्क्यांनी जास्त येते. डोके, मान आणि पाय फितीत सापडत नाहीत. ती भर या आकड्यात बसलेली आहे.

जिवंत वजन मात्र नेहमीच कुणाला हवे होते असे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश व्यापाऱ्याचा सौदा मांसाचा. त्याचा नियम असा: मापे फुटांत घ्या, घेराच्या वर्गाला लांबीच्या पाचपटीने गुणा, 21 ने भागा; आले ते कापलेल्या जनावराच्या चारही भागांचे वजन, 14 पौंडांच्या स्टोनमध्ये. हे पौंडांत आणले तर गुणक 3.33 होतो. शेफरचा गुणक फुटांच्या मापात 5.76. पहिला दुसऱ्याच्या 58 टक्के, म्हणजे चांगल्या पोसलेल्या बैलाच्या मांसाचा उतारा साधारण जेवढा असतो तेवढाच. दोन वेगळ्या गरजांसाठी वापरलेले आकडे इतके जुळावेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भारतात शेर चालत होते तेव्हाचे अगरवाल सूत्र वर्ग करण्याची कटकटच काढून टाकते. घेर गुणिले लांबी, दोन्ही इंचांत. घेर 65 पेक्षा कमी असेल तर 9 ने, 65 ते 80 असेल तर साडेआठने, त्यावर 8 ने भागायचे, उत्तर शेरांत. (एक शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम.) सोय चांगली, पण सीमेवर गोची होते: 64 चा घेर 65 झाला की भाजक बदलल्यानेच वजन जवळपास 6 टक्क्यांनी उडी मारते. घेर वाढल्याची भर वेगळी.

सूत्र कोणतेही घ्या, बिघडते ते बहुधा फितीपाशी. जनावर सपाट जागी, चारही पाय सरळ आणि मान नेहमीच्या उंचीवर हवी. घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून घ्यायचा. वशिंड असेल तर फीत वशिंडाच्या मागून. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या बाजूला हाताला लागणाऱ्या मागच्या हाडापर्यंत. समजा घेर 160 आणि लांबी 130 सेंटिमीटर, तर वजन 307 किलो. घेरात 4 सेंटिमीटर जास्त धरले तर ते 322 च्या पुढे जाते. लांबीत तेवढीच चूक झाली तर फरक 9 किलोंचा. घेराचा वर्ग होतो, म्हणून फीत ढिली राहणे महागात पडते. शिवाय पोटातला चारा-पाणी आणि गाभण गाईचे वासरू छातीच्या घेरात दिसत नाही.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या मिसुरीत संशोधक सॅम्युएल ब्रॉडी यांनी वाढ आणि वजनाच्या आकड्यांना घातांकांची सूत्रे लावली. नंतर प्राणी बदलला की भाजक बदलू लागला. डुकरासाठी तो 400 (इंच, पौंड). घोड्यासाठी 1988 मध्ये कॅरोल आणि हंटिंग्टन यांनी 11,880 (सेंटिमीटर, किलो) दिला. मोरोक्कोतल्या गाढवांवरून 1996 मध्ये निघालेल्या सूत्रात तर वर्गही उरला नाही: घेराचा घातांक 2.12, लांबीचा 0.688, आणि भाजक 380.