लग्ज शाबूत, फोम खलास

"सोलला अजून वर्षभर काय होत नाही साहेब, कशाला टाकताय?"

आमच्या कोपऱ्यावरचे मोचीकाका माझा ट्रेलचा शूज उलटा धरून त्याच्या रबरी दातांवरून अंगठा फिरवत होते, आणि त्यांचं म्हणणं खरंच होतं. दात म्हणजे ते लग्ज शाबूत होते, वरचं कापड कुठे फाटलेलं नव्हतं, एका बाजूची शिवण उसवत आली होती ती दोन टाक्यांत झाली असती. पण आदल्याच रविवारी सिंहगडावरून आतकरवाडीच्या वाटेने उतरताना मला पायाखालचा एकेक दगड मोजता येत होता. हाच शूज नवा होता तेव्हा कापसाच्या गादीवरून पळतोय असं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्या गादीसाठीच एवढे पैसे मोजले होते.

ती गादी म्हणजे मिडसोल, पाय आणि रबर यांच्या मधला तो जाड फोमचा थर. बहुतेक शूजमधे तो अजूनही ईव्हीएचा असतो, इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. १९७० च्या दशकात तो रनिंग शूजमधे आला आणि तेव्हापासून हललेला नाही. या फोममधे तीन चतुर्थांशाहून जास्त नुसती हवा असते, टाचणीच्या टोकाहून लहान लहान बंद कप्प्यांमधे कोंडलेली, आणि कप्प्यांच्या भिंती अगदी पातळ प्लॅस्टिकच्या. पाय पडला की भिंती वाकतात, आतली हवा दाबली जाते, पाय उचलला की दोन्ही परत येतात. म्हणजे तुम्ही खरं तर लाखो फुग्यांवरून पळत असता.

आता हिशोब करा. ट्रेलवर एक पाऊल साधारण मीटरभराचं धरलं तर किलोमीटरला हजार पावलं, म्हणजे एका शूजच्या वाट्याला पाचशे. सहाशे किलोमीटर झाले की एकेका शूजवर तीन लाख दणके. पळताना प्रत्येक दणका वजनाच्या दोन ते तीन पट असतो, म्हणजे सत्तर किलोच्या माणसासाठी दीडदोनशे किलो, तेही पाव सेकंदात येऊन जाणारे. एवढ्यात कुठली भिंत टिकणार? आधी सुरकुत्या पडतात, मग बारीक भोकं पडतात, हवा निसटते आणि कप्पा चपटा होतो तो चपटाच राहतो. २००४ मधे व्हेर्देहो आणि मिल्स या दोघांनी वापरलेल्या शूजचा फोम इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितला तर ७५० किलोमीटरनंतर भिंतींवर नेमकं हेच दिसलं, आणि ५०० किलोमीटर पळून झाल्यावर तळपायावरचा सगळ्यात जास्त दाब नव्या शूजच्या जवळपास दुप्पट झालेला होता.

हे सगळं हळूहळू, सारख्या वेगाने होत असेल असं मला वाटायचं, तसं नाहीये. १९८५ मधे कुक, केस्टर आणि ब्रुनेट यांनी मशीनवर शूजना दणके देऊन मोजलं. पहिल्या ५० मैलांतच, म्हणजे ८० किलोमीटरमधे, दणका शोषायची ताकद मूळच्या ७५ टक्क्यांवर आली, १०० ते १५० मैलांना साधारण ६७ टक्के, आणि २५० ते ५०० मैलांच्या मधे ६० टक्क्यांच्याही खाली. खऱ्या माणसांनी वापरलेले शूज जरा बरे निघाले, ५०० मैलांना सुमारे ७० टक्के, बहुधा माणूस मधे घरी जातो, जेवतो, झोपतो, आणि तेवढ्यात फोम थोडा सावरतो. पण मुद्दा असा की सगळ्यात मोठी घसरण सुरुवातीलाच होते, जेव्हा आपण शूज अजून नवा कोरा म्हणून मिरवत असतो. नंतर तो हळूहळू उतरत राहतो आणि रोज घालणाऱ्याला काही कळत नाही, घरात रोज बघितलेलं पोर कधी उंच झालं ते कळत नाही ना, तसंच.

हे आकडे सपाट पळण्याचे. आपल्याकडे सपाट आहे कुठे? २००५ मधे गॉटशॉल आणि क्रॅम यांनी ट्रेडमिल ९ अंश उताराला लावून माणसं पळवली तर जमिनीवर पाय आदळण्याचा झटका सपाटीपेक्षा ५४ टक्के वाढला आणि ब्रेक मारताना पुढेमागे बसणारा झटका ७३ टक्के. सिंहगडाची पायवाट बऱ्याच ठिकाणी ९ अंशांपेक्षा चांगलीच उभी आहे, आणि कात्रज ते सिंहगड करणाऱ्यांना तर एक टेकडी उतरली की दुसरी समोर उभीच असते. म्हणजे चढताना शूज आराम करतो आणि उतरताना मार खातो, वर तो मार नुसता दाबणारा नसतो, फोमला आडवा ओढणारा पण असतो. त्यामुळे डांबरी रस्त्यावरच्या माणसाचा "माझे तर आठशे टिकतात बुवा" हा आकडा टेकडीवाल्याने मनावर घेऊ नये. तो ५०० ते ८०० किलोमीटरचा नियम जो सगळीकडे छापलेला असतो तो ढोबळ आहे, तुमचं वजन, टाच टेकवून पळता की पंजावर, उतार किती, यावर तो कुठल्या कुठे जातो.

मग जाड सोलवाले शूज जास्त टिकतात का? होका कंपनी २००९ मधे फ्रान्समधल्या आल्प्सच्या भागात सुरू झाली ती याच उतारांसाठी, डोंगरावरून खाली सुसाट येता यावं म्हणून त्यांनी सोल फुगवला आणि तेव्हा लोक हसले होते, जोकरचे बूट म्हणून. भौतिकशास्त्र साधं आहे, तोच दणका २० मिलिमीटर फोमवर पडला तर तो जितक्या प्रमाणात दबेल त्यापेक्षा ३५ मिलिमीटरचा कमी प्रमाणात दबेल, आणि कप्प्याची भिंत जितकी कमी वाकेल तितकी जास्त दिवस जगेल. पण कंपन्या जाडीबरोबर फोम मऊ आणि हलका पण करतात, म्हणजे भिंती आणखी पातळ, आणि इकडे कमावलेलं तिकडे जातं. दुकानात अंगठा रुतेल एवढा मऊ शूज बघून मी तरी आता हुरळून जात नाही.

फोमचे प्रकार बदलतायत हे मात्र खरं. २०१३ मधे आदिदासने बूस्ट आणला, त्यात टीपीयू या लवचिक प्लॅस्टिकचे फुगवलेले दाणे एकमेकांना चिकटवलेले असतात, अगदी थर्माकोलसारखे दिसतात. जड असतात पण लवकर बसत नाहीत आणि थंडी-उन्हाने ईव्हीएइतका त्यांचा स्वभाव बदलत नाही. मग आला पेबा, रेसच्या महागड्या शूजमधला, हलका आणि उसळणारा. तो घासलं जाणं मात्र सहन करत नाही, आणि साधारण ४५० किलोमीटर वापरल्यावर त्याचा ईव्हीएवरचा फायदा उरत नाही असं प्रयोगात दिसलंय. टेकडीच्या रोजच्या फेरीला पेबा म्हणजे लग्नातला शालू नेसून भांडी घासण्यासारखं.

इथे एक गंमत आहे जी शूजच्या जाहिरातीत कधी येत नाही. २००९ मधे काँग आणि सहकाऱ्यांनी २४ जणांना नव्या शूजमधे पळवलं, मग त्याच शूजवर २०० मैल करायला लावले आणि परत मोजलं. शूज थकला होता पण जमिनीकडून शरीराला बसणारे दणके तेवढेच! कारण माणूसच बदलला होता, पाय जमिनीवर किंचित जास्त वेळ राहायला लागला होता, घोट्याची हालचाल बदलली होती. शरीर गुपचूप ॲडजस्ट करतं, कोणाला न सांगता. त्यामुळे "शूज जुना झाला की गुडघे गेलेच" असं छातीठोकपणे सांगणारा माणूस बहुधा शूज विकणारा असतो. माझ्या बाबतीत गुडघे ठीक होते, पोटऱ्या मात्र दोन महिने विनाकारण कडक होत होत्या, आणि मी बिचारा त्याचा दोष बिसलेरी कमी प्यायल्याला देत होतो.

आता मोचीकाकांच्या लाडक्या रबराकडे. आपली टेकडी म्हणजे बेसॉल्ट, दख्खनचा तोच काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातली मुख्य खनिजं कठीणपणा मोजणाऱ्या मोहसच्या मोजपट्टीवर ५ ते ६ च्या आसपास, म्हणजे साध्या चाकूच्या पात्याच्या तोडीस तोड. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीकडे गेलात तर कडा कशा धारदार असतात ते हाताला कळतं. आणि त्याच कातळाचा झिजून झालेला मुरूम, तो घसाऱ्यावर बेअरिंगच्या गोळ्यांसारखा पायाखालून पळतो आणि लग्जची टोकं पॉलिश पेपरसारखी घासतो. रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळी, मिसळतात म्हणून ते तरी एवढं टिकतं, गाडीच्या टायरचं गुपित पण तेच आहे. मेख अशी की ओल्या कातळाला चिकटणारं रबर मऊ लागतं, मऊ रबर लवकर झिजतं, आणि न झिजणारं कडक रबर श्रावणात शेवाळावर तुम्हाला थेट झोपवतं. दोन्ही एकदम मिळत नाही.

पण लग्जचा खरा शत्रू टेकडी नाहीच, टेकडीपर्यंतचा रस्ता आहे. घरातून शूज घालून निघायचं, तीन किलोमीटर डांबर आणि काँक्रीट, मग पाऊण तास टेकडी, परत तीन किलोमीटर डांबर. मातीत लग्ज रुततात, सगळा सोल मिळून वजन घेतो. डांबरावर तेच वजन फक्त लग्जच्या टोकांवर येतं आणि पाय उचलताना ती टोकं पिळली जातात. मी पायथ्यापर्यंत स्कूटरवर जातो, तेही चपला घालून, शूज डिकीत. बायको हसते, हसू दे. याच कारणाने माझे लग्ज शाबूत राहिले आणि याच कारणाने मी फसलो, कारण मी फोमचं वय रबरावरून ओळखत होतो.

कापडाचं थोडक्यात सांगतो. पंजा जिथे दुमडतो तिथे बाहेरच्या बाजूला जाळी फाटते, त्यात माती शिरली की प्रत्येक पावलाला आतून कानस चालल्यासारखं होतं. म्हणून चिखल वाळायच्या आत धुवून टाकायचा. बास.

पावसाळा मात्र वेगळं प्रकरण. माझ्या मामाने आठदहा वर्षांपूर्वी घेतलेले भारी ट्रेकिंगचे शूज, चारपाचदा घातलेले, माळ्यावर डब्यात जपून ठेवलेले. जुलैमधे मोठ्या हौसेने सिंहगडाला काढले आणि अर्ध्या वाटेत सोल शिळ्या केकसारखा भुगा होऊन गळायला लागला, मामा शेवटी सोलला दोरी बांधून खाली आला आणि पिठलं-भाकरी पण धड गोड लागली नाही त्याला. तो सोल पॉलियुरेथेन या दुसऱ्या जातीच्या फोमचा होता. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनच्या रेणूंच्या साखळीतले एस्टरचे दुवे हवेतली वाफ हळूहळू तोडत जाते, त्यातून आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी वेगात करतं. याला जलविघटन म्हणतात आणि ते तुम्ही शूज घाला न घाला चालूच असतं. ईव्हीएला हा रोग नाही, पण ईव्हीएला ऊन चालत नाही. मे महिन्यात बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडवर वाळत ठेवलेला शूज आक्रसतो, अर्धा नंबर लहान झाल्यासारखा वाटतो, आणि सोल धरून ठेवणारा गोंद पण त्या उष्णतेने सुटतो. गीझरच्या पाइपवर, हेअर ड्रायरने, गॅसजवळ असले प्रयोग करू नका. इनसोल बाहेर काढायचा, आत वर्तमानपत्र कोंबायचं, तासाभराने बदलायचं, पंख्याखाली ठेवायचं. आणि सोल सुटला तर घरातला तो क्षणात चिकटणारा गोंद लावू नका, तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि पहिल्याच वाकण्यात तडकतो. मोच्याकडचं सोल्युशन वाळल्यावरही लवचिक राहतं.

फोम गेला हे ओळखायचं कसं? शूज डोळ्यांच्या पातळीवर धरून मिडसोलची बाजू बघा, हात न लावता आडव्या सुरकुत्या दिसत असतील तर तो दबून बसलाय. टेबलावर ठेवून मागून बघा, एका बाजूला कलतोय का. आणि सगळ्यात सोपं, दुकानात जाऊन तोच मॉडेल नवा घालून बघा, एका पायात नवा आणि एका पायात जुना. दुकानदार वैतागतो पण दहा पावलांत निकाल लागतो.

मी आता दोन जोड आलटून पालटून वापरतो. लक्झेंबर्गमधे २६४ रनर्सवर २२ आठवडे लक्ष ठेवलं तेव्हा एकापेक्षा जास्त जोड वापरणाऱ्यांमधे दुखापतीचं प्रमाण ३९ टक्के कमी दिसलं होतं. ते शूजमुळे की अशी माणसं मुळातच जास्त काळजी घेतात म्हणून, हा वाद घाला हवा तर. एकाला वाळायला आणि सावरायला दोन दिवस मिळतात एवढं मला पुरतं.

आणि तो जुना जोड? टाकला नाही. मोचीकाकांकडून शिवण मारून घेतली, आता मंडईत भाजी आणायला घालतो. परवा त्यांच्यासमोरून गेलो तर त्यांनी आधी माझ्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शेजारच्या रसवाल्याला म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं यांना?"