क्रीप आणि फटीग: धातूचे दोन वेगळे आजार

वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला भाग एक दिवस मोडला, की ‘धातू थकला’ असं सर्रास म्हटलं जातं. त्यात दोन निराळे आजार एकाच नावावर खपतात, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लावला तर तो अंगाशी येतो.

फटीगला हवा असतो बदलता भार. एकेका फेरीतला ताण धातू सहज पेलेल इतकाच असतो, तरी छिद्राच्या कडेला किंवा पृष्ठभागावरच्या ओरखड्यापाशी बारीक तडा जातो आणि फेरीगणिक पुढे सरकतो. १९५४ मध्ये दोन कॉमेट विमानं हवेतच फुटली, ती यामुळेच: दर उड्डाणाला केबिनमधला दाब चढायचा, उतरायचा. फटीगने तुटलेल्या तुकड्याचा मोठा भाग बहुधा गुळगुळीत असतो, त्यावर ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा वक्र रेषा दिसतात. त्यांचा माग काढत मागे गेलं, की तडा कुठून निघाला ते सापडतं. अखेरच्या क्षणी तुटलेला भाग मात्र खडबडीत.

क्रीपला फेऱ्या लागत नाहीत. भार तोच राहतो. उष्णता आणि वेळ मिळाली की धातू हळूहळू ताणत जातो. केल्विनमध्ये मोजलेल्या वितळणबिंदूच्या साधारण ०.४ पटीपुढे हे जाणवू लागतं. शिसं सुमारे ६०० केल्विनला वितळतं, म्हणजे खोलीतलं ३०० केल्विन तापमानही त्याच्यासाठी गरमच. ते तिथेही ताणतं. धातू लहान लहान स्फटिकांचा, म्हणजे कणांचा, बनलेला असतो; दोन कण जिथे भिडतात ती कणसीमा. इथे नुकसान बहुतेकदा आत, या कणसीमांवर होतं: सूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि एकमेकींना जोडल्या जातात.

खरी गंमत या कणसीमांचीच आहे. फटीग टाळायला बारीक कण चांगले, कारण भरपूर सीमा असल्या की तड्याला सुरुवात करणंच जड जातं. त्याच सीमा तापल्यावर कच्चा दुवा ठरतात: कण एकमेकांवरून घसरतात, अणूंना सरकायला वाट मिळते. म्हणून जेट इंजिनाच्या सर्वांत तापणाऱ्या भागातली टर्बाइनची पाती निकेलच्या मिश्रधातूचा एकच स्फटिक वाढवून ओततात. सीमाच ठेवत नाहीत. ती पाती धरणारी चकती तुलनेने थंड असते, त्यामुळे ती बहुधा बारीक कणांचीच करतात.

रोज सुरू-बंद होणाऱ्या टर्बाइनला मात्र दोन्ही एकदम गाठतात. आतल्या पोकळ्या पृष्ठभागावरून आलेल्या तड्याला आयती वाट देतात. अशा भागाचं आयुष्य नुसतं क्रीपचं किंवा नुसतं फटीगचं गणित मांडून काढलं, तर ते प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं.