नागपूरची थंडी, कूलरची खिडकी आणि विजेचं बिल

नागपुरात हिवाळ्याचा विचार करून घर कुणी बांधत नाही. इथलं बांधकाम कायम मे महिन्याच्या धास्तीनं झालं, थंडीचे सहा-सात आठवडे जमेल तसे काढले गेले. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान साधारण १२-१३ अंश असतं. उत्तरेकडचा वारा सुटला की ते ८ च्याही खाली जातं. २९ डिसेंबर २०१८ ला तर ३.५ अंशांची नोंद झाली. एरवी मात्र याच दिवसांत दुपारी २७-२८ अंश ऊब असते. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. म्हणून दिवसा तापलेलं सगळं रात्री भराभर निवतं. ऊब विकत घ्यावी लागावी असं हे शहर नाही. दुपारची ऊब पहाटेपर्यंत टिकवली की पुरते.

महाल, इतवारीतल्या जुन्या घरांत ती टिकायची. माती-विटांच्या दीड-दोन फुटी भिंती दिवसभर हळूहळू तापत आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब आत सोडत. छपराच्या कवेलूंमधून वारा यायचाच, पण खोलीवर लाकडी माळा असे, माळ्यावर धान्य नाहीतर कडबा. ऊब माळ्याखालीच राहायची. शिवाय चूल घरातच, पऱ्हाट्या-तुऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसा-तुरीच्या वाळक्या काड्यांवर पेटलेली. त्या घरांचं आज फार कौतुक होतं. बायकांच्या डोळ्यांत आणि छातीत जाणारा धूर मात्र त्यात कुणी मोजत नाही.

शहराचा विस्तार आखणाऱ्या नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा १९३६ चा. पुढे शहर ले-आउटांमधून पसरलं, नऊ इंची विटांच्या भिंती आणि सिमेंटचा स्लॅब आला. हा स्लॅब चार-पाच इंचांचा. उन्हाळ्यात तो रात्री आग ओततो हे सगळ्यांना माहीत आहे. हिवाळ्यात तोच स्लॅब खोलीतली ऊब मोकळ्या आभाळाकडे सोडतो. आत-बाहेर १० अंशांचा फरक असेल, तर १० बाय १२ फुटांच्या खोलीच्या उघड्या स्लॅबमधून सुमारे ४००-४५० वॅट ऊब निघून जाते. वर चार इंची विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल तर ती साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी होते. कोबा दोन्ही ऋतूंत कामी येतो. गच्चीला दिलेल्या पांढऱ्या रंगाचा उपयोग मुख्यतः उन्हाळ्यात. थंडीत तो दुपारचं ऊनही परतवतो.

दुसरं भोक कूलरनं पाडलं. पूर्वी वाळ्याच्या ताट्या होत्या, ऊन सरलं की त्या काढून ठेवत. कूलर लोखंडी स्टँडवर खिडकीत बसला तो बसलाच. त्याच्या जाळीतून आणि आतल्या गवती ताट्यांमधून थंड वारा रात्रभर आत येतो, आणि आपण शेजारी हीटर लावून बसतो! उपाय एका दुपारचा आहे. टाकीतलं पाणी पूर्ण काढा, ताट्या दोन दिवस उन्हात वाळवा. ओल राहिली तर कुजकट वास येतो, पाणी साचून राहिलं तर डास होतात. कूलरच्या तोंडाच्या मापानं १२ मिमी प्लायवूड कापा, कूलरकडच्या बाजूला २५ मिमी थर्माकोल चिकटवा, चारही कडांना फोमची पट्टी लावा आणि आतून कड्या मारून बसवा. नुसतं प्लास्टिक ताणलं तर वाऱ्यानं फडफडतं आणि आठवडाभरात कडा सुटतात.

दक्षिणेची खिडकी ही फुकटची शेगडी. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो. खिडकी चार फुटी आणि तिच्या डोक्याशी दीड फुटी छज्जा असेल तर अडीच फूट काचेवर ऊन येतं. मार्चअखेर तीच काच जवळजवळ पूर्ण सावलीत जाते. अकराला पडदे आणि खिडक्या उघडायच्या, चारच्या सुमारास बंद करायच्या. दिवे लागेपर्यंत उघडं ठेवलं तर कमावलेली ऊब जाते.

बिल फुगायला लागलं ते वीज हाताशी आल्यावर. नागपूरजवळच्या कोराडीचं वीज केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं. तांब्याच्या बंबाची जागा आधी गॅसनं, मग गीझरनं घेतली. थंडीत १५ लिटरची बादली १८ वरून ४२ अंशांवर न्यायला ०.४२ युनिट लागतं. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे महिन्याला सुमारे ५० युनिट. दोन हजार वॅटचा हीटर रोज चार तास लावला तर एकटा २४० युनिट खातो. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांचे टप्पे आहेत. एरवी ९० युनिट लागणारं घर हीटरमुळे वरच्या महाग टप्प्यात जातं.

म्हणून हीटर आधी बंद करावा आणि मग गीझरकडे बघावं. थर्मोस्टॅट ५० अंशांवर ठेवा, आंघोळीच्या २० मिनिटं आधी चालू करा. बोअरच्या जड पाण्यानं कॉइलवर क्षार जमतो, कॉइल आतून जास्त तापून जळते. दोन वर्षांतून एकदा ती साफ करून घ्या आणि टाकी गंजू नये म्हणून आत असलेली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदला. गच्चीवरच्या सोलर हीटरला इथल्या निरभ्र डिसेंबरात चांगलं ऊन मिळतं, पण पाऊण इंची पाइप ४० फूट असेल तर गरम पाणी येण्याआधी साधारण साडेतीन-चार लिटर गार पाणी वाहून जातं. पाइप आखूड ठेवा आणि फोमच्या नळीत घ्या.

फटी बुजवताना न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर तिथला झरोका मात्र उघडाच ठेवा, आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नेऊ नका. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास.